ग्येरान-जिम (कोरियन वाफाळतं अंडं) घरी करायचंय, अनुभवी लोकांनी मदत करा

पिंपळाचंपान

नमस्कार मंडळी. पुण्यात एका कोरियन बार्बेक्यूच्या हॉटेलात गेलो होतो. मागवलं होतं मांस, पण सोबत न मागवताच एक काळं मातीचं भांडं आलं. आत पिवळंधमक अंडं, भांड्याच्या काठाच्या वर चांगलं चार बोटं फुगून आलेलं आणि अजून खदखदत होतं. चमच्याने फोडलं की आतून वाफ. लेकीने ते एकटीने संपवलं आणि तेव्हापासून घरात 'आई, ते अंडं कधी?' हा जप चालू आहे. येत्या रविवारी करून टाकायचं ठरवलंय.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कोरियन कुटुंब राहायचं, रांजणगावला नोकरीला होते. परत जाताना वहिनी तशीच एक छोटी काळी तुकबेगी मला देऊन गेल्या. आजवर त्यात मी लसूण ठेवते. म्हणजे भांडं आहे, गॅस आहे, अंडी आहेत, कांद्याची पात आहे. नाही तो अंदाज.

नेटवर पाककृती वाचून डोकं फिरलंय. कोणी म्हणतं अंड्याइतकंच पाणी, कोणी म्हणतं दुप्पट. कोणी म्हणतं सतत ढवळा, कोणी म्हणतं हात लावाल तर खबरदार. कोणी सांगतं गाळून घ्या, कोणी गाळणीचं नावच काढत नाही. त्यात ते खारवलेल्या कोलंबीचं प्रकरण आहेच. ते इथे कुठे मिळणार? कोणी केलंय का हे घरी?

खाबूगिरी

केलं नाही, पण वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. रविवारी फोटो टाकला नाहीत तर धागा उडवण्यात येईल.

सुवनकर

पिंपळाचंपान ताई, मी बरीच वर्षं सुवनला आहे (सोलच्या दक्षिणेला). घरमालकीण आजींनी शिकवलेलं सांगते.

तुमचा गोंधळ झालाय कारण एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ आहेत आणि नेटवर ते सरमिसळ झालेत. एक घरगुती: अंडं दुप्पट पाण्यात फेटून, गाळून, वाडग्यात झाकून मंद वाफेवर ठेवायचं. ते खरवसासारखं लुसलुशीत होतं, फुगत नाही, फुगू द्यायचंही नाही. त्याला ढवळायचं नाही, गाळायचं मात्र नक्की. दुसरा हॉटेलातला: तुकबेगी थेट आचेवर, अंडं आणि पाणी जवळजवळ समसमान, आधी ढवळायचं आणि मग झाकायचं. हा फुगतो. त्याला इथे लोक बॉम्ब अंडं म्हणतात. लेकीला हा दुसरा हवाय, त्यामुळे पहिल्याच्या सूचना विसरून जा.

कृती अशी. तुकबेगीत पाणी किंवा स्टॉक उकळायला ठेवा. तोवर अंडी फेटा, फार फेस नको. त्यात मीठ किंवा ती खारी कोलंबी आणि थोडी पात घाला. पाणी उकळलं की अंडं ओता, आच मध्यम करा आणि चमच्याने तळ खरवडत, कडा सोडवत सावकाश ढवळत राहा. आधी काहीच होत नाहीसं वाटेल, मग एकदम गोळे धरायला लागतील. पाऊण भाग धरला आणि पाव भाग अजून पातळ आहे, अशी वेळ आली की ढवळणं थांबवा. आच अगदी बारीक करा आणि वर खोलगट वाडगा पालथा घाला. सपाट झाकण नको, ते अंड्याला वर येऊच देत नाही. दोन-तीन मिनिटं. वाडग्याच्या फटीतून वाफ जोरात यायला लागली की झालं. वाडगा सांडशीने उचला, हाताने नको.

भांडं ऐंशी टक्के भरलेलं हवं. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. अर्ध्या भरलेल्या भांड्यात अंडं कितीही फुगलं तरी काठाखालीच राहणार, आणि आपल्याला वाटतं की फुगलंच नाही.

सुवनकर

अजून दोन गोष्टी राहिल्या, कोरियन पाककृती वाचून करणाऱ्यांसाठी. इथला मापाचा कप २०० मिलिचा असतो. आपल्याकडच्या मापाच्या सेटमधला कप २४० किंवा २५०चा. आणि इथली दुकानातली नेहमीची अंडी, ज्यांना आजवर 'थुकरान' म्हणत आलेत, ती ६० ते ६८ ग्रॅमची असतात. भारतात मी आणते ती ५०च्या आसपास भरतात. म्हणजे कोरियन बाई 'चार अंडी, एक कप पाणी' म्हणते तेव्हा तिची अंडी मोठी आणि कप लहान. आपण आपल्या चार अंड्यांत आपला कपभर पाणी ओतलं की सगळं पातळ. त्यामुळे कप विसरा. अंडी फोडून एका पेल्यात घाला, कुठवर आली ते बघा आणि तेवढंच पाणी घ्या.

प्रयोगवही

सुवनकर यांच्या कृतीला +१, आणि 'का' विचारणाऱ्यांसाठी थोडं.

नुसतं फेटलेलं अंडं ७० अंश सेल्सियसच्या थोडं वर घट्ट होतं. त्यात पाणी किंवा दूध मिसळलं की प्रथिनं एकमेकांपासून लांब जातात, त्यांना एकमेकांना धरायला जास्त उष्णता लागते आणि हा आकडा ८०च्या आसपास जातो. त्याच्या फार पुढे गेलं की प्रथिनांची जाळी आवळते आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकते. तळाशी पाणी आणि वर चिवट अंडं दिसलं तर ते कच्चं राहिलेलं नसतं, जास्त शिजलेलं असतं. लोक नेमकं उलटं समजतात आणि अजून पाच मिनिटं गॅसवर ठेवतात.

ढवळायचं का? मातीचं भांडं तळाशी खूप गरम आणि वर गार असतं. न ढवळता ठेवलं तर तळ करपेल तेव्हा वरचं अंडं कच्चंच असेल. ढवळल्याने सगळं मिश्रण एकदम त्या ८०च्या जवळ येतं. मग झाकलं की तळाशी तयार होणारी वाफ अर्धवट धरलेल्या अंड्यात अडकते आणि ते वर उचललं जातं. यात यीस्ट नाही, सोडा नाही, नुसती वाफ. काही जण चिमूटभर बेकिंग पावडर घालतात, पण तिची गरज नसते.

म्हणूनच फुगवटा टिकत नाही. वाडगा काढला, वाफ गेली, मिनिट-दोन मिनिटांत बसला. हॉटेलातही बसतो, तिथे फक्त तो बसायच्या आत टेबलावर पोचवतात.

मिठाबद्दल: मीठ फेटतानाच घाला. नुसत्या शुद्ध पाण्यात कालवलेलं अंडं नीट धरत नाही, त्याला क्षार लागतात. स्टॉकमध्ये ते असतातच, साध्या पाण्यात मीठ ते काम करतं.

भुर्जीसम्राट

एवढ्या उठाठेवीनंतर शेवटी मिळतं काय, तर पाणी घातलेलं अंडं. आमच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला ह्या वेळेत आठ भुर्ज्या काढतो, पावासकट.

खाबूगिरी

सम्राट, तुम्ही ढोकळ्याच्या धाग्यावरही भजी बरी म्हणाला होतात. :)

रेवदंडा_बंदर

कोलंबीसाठी कशाला अडताय? आपला जवळा आहे ना! सुवनकर ताई, ती खारवलेली कोलंबी म्हणजे जवळ्यासारखीच बारीक असते का? बाजारात सुका जवळा बारा महिने मिळतो. थोडा पाण्यातून काढायचा, रेती बसू द्यायची, पिळून तव्यावर कोरडाच कुरकुरीत भाजायचा आणि खलबत्त्यात कुटायचा. चार अंड्यांना चमचाभर पूड.

सुवनकर

रेवदंडा, बरोबर ओळखलंत. ती सेउजत. जवळा ज्या अॅसिटिस प्रजातीतला, त्याच प्रजातीतली कोलंबी इकडे पिवळ्या समुद्रात पकडतात. फरक पुढच्या कामात. आपण उन्हात वाळवतो, हे भरपूर मिठात महिनोन् महिने मुरवतात. चुंगचॉंग प्रांतात ग्वांगचन नावाचं गाव आहे, तिथे डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत पिंपं ठेवून ती मुरवतात, कारण आत वर्षभर गारवा सारखा राहतो. सगळ्यात भाव उन्हाळ्यात, चांद्र सहाव्या महिन्यात पकडलेल्या कोलंबीला. ती जाडसर आणि पांढरी असते, किमचीत (तिखट आंबवलेल्या कोबीत) घालतात. अंड्याला साधी चालते, चार अंड्यांना अर्धा-एक छोटा चमचा, बारीक चिरून किंवा नुसतं तिचं पाणी.

जवळ्याची पूड घातलीत तर चव वेगळीच येईल. भाजल्यामुळे खमंग, धुरकट. सेउजतला तो खमंगपणा नसतो. तिच्यात खारटपणा आणि मुरलेल्या माशाचा गोडवा असतो. पण वाईट लागणार नाही, उलट मला इथे बसून खावंसं वाटतंय. फक्त एक: सेउजत हेच मीठ असतं, तसा आपला जवळा बहुधा बिनमिठाचा वाळवलेला असतो. त्यामुळे मीठ वेगळं घाला.

रेवदंडा_बंदर

आणि ते स्टॉकचं? सुके मासे उकळतात म्हणे.

सुवनकर

हो, म्यल्चि. सुकी अँकोव्ही, बोटाएवढी. डोकं आणि पोटातला काळा भाग काढून टाकतात, नाहीतर कडू होतं. सोबत दाशिमा म्हणजे सुकं समुद्री शेवाळ. ते उकळी आल्यावर लवकर काढायचं, जास्त राहिलं तर पाणी बुळबुळीत होतं. मासे दहा-पंधरा मिनिटं. सुकी मांदेली त्याच मोठ्या कुळातली आहे, तिचं डोकं-पोट काढून बघायला हरकत नाही. पण आजी घरच्यांसाठी करतात तेव्हा कितीतरी वेळा साधं नळाचं पाणीच घेतात. पहिल्यांदा करताना स्टॉकच्या मागे लागू नका. आचेवर लक्ष द्या.

देशस्थ_अंडाहारी

आमच्याकडे अंडं चालतं, पण जवळ्याचा वास आला तर सासूबाई घर सोडतील. (अंडं स्वयंपाकघराच्या बाहेरच्या शेगडीवर, हेही आधीच सांगते.) मासे-कोलंबी वगळून काही होण्यासारखं आहे का?

सुवनकर

होतं की. सुके शिताके मशरूम कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून वापरा. मशरूमचे बारीक तुकडे आत घातलेत तरी छान. दाशिमा मिळालं तर ते शेवाळच आहे, मासा नाही. यांपैकी काही नसेल तर मीठ, पात, बारीक चिरलेलं गाजर आणि वरून तीळ. मुलांसाठी इथेही असंच करतात. सोया सॉस घालणार असाल तर अगदी थेंबभर, नाहीतर रंग मातकट होतो.

घाणीचंतेल

तिळाच्या तेलाचा विषय निघायच्या आत सांगतो, कारण माझ्या बहिणीकडे हे झालंय. कोरियन पाककृतीत शेवटी अर्धा चमचा तिळाचं तेल सांगतात ते भाजलेल्या तिळांचं असतं, गडद तपकिरी, वासाला तीव्र. आपल्या लाकडी घाण्यावरचं तेल कच्च्या तिळांचं. ते घातलंत तर नुसता तेलकटपणा येतो, वास नाही. भाजलेलं तेल मोठ्या किराणा दुकानांत चायनीज सामानाच्या फळीवर मिळतं. नाही मिळालं तर तेल सोडून द्या, तीळ खरपूस भाजून भरड कुटून वरून घाला. नव्वद टक्के काम त्याने होतं.

पिंपळाचंपान

केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली. एक प्रश्न: तुकबेगी थेट गॅसवर ठेवली तर तडकणार नाही ना? आणि तिच्यात लसूण होता इतकी वर्षं, वास मुरला असेल का?

मडकेवाली

हा माझा प्रांत. तुकबेगी थेट ज्योतीवरच वापरायची असते, पण तिला धक्का चालत नाही. कोरडी रिकामी तापवू नका. फ्रिजमधून काढून लगेच गॅसवर नाही. गरम असताना ओल्या ओट्यावर नाही, लाकडी पाट किंवा जाड फडकं घ्या. सुरुवात मंद आचेवर, मग मध्यम. ज्योत तळाच्या बाहेर येऊ देऊ नका.

वास घालवायला आणि भांडं मुरवायला तांदळाचं धुवण भरून मंद आचेवर उकळा, तसंच गार होऊ द्या, टाकून द्या. कोकणात नवीन मडक्याला आपण हेच करतो, आणि कोरियातही नव्या तुकबेगीला हेच करतात. पिष्ट (स्टार्च) बारीक छिद्रांत बसतं. साबणात बुडवून ठेवू नका, छिद्रांत साबण शिरतो आणि पुढच्या वेळी अंड्यात उतरतो. भरडं मीठ किंवा पीठ लावून घासा.

ज्यांच्याकडे इंडक्शन आहे त्यांना: मातीचं भांडं त्यावर तापतच नाही. जाड बुडाचं छोटं स्टीलचं पातेलं घ्या. बिडाची कढई मात्र नको, लोखंडात अंड्याचा रंग काळपट-हिरवट होतो.

न्यूजर्सीकर

मी परवा मायक्रोवेव्हमध्ये केलं. अंडं, पाणी, मीठ, वर प्लॅस्टिक, चार मिनिटं. स्पंज झाला. भोकं भोकं, आणि खाली पाणी. काय चुकलं?

प्रयोगवही

वर लिहिलंय तेच: जास्त शिजलं. भोकं म्हणजे आत पाणी उकळल्याच्या खुणा. पॉवर अर्ध्यावर आणा, मिनिटभर चालवा, ढवळा, परत मिनिटभर, परत ढवळा, आणि मग तीस-तीस सेकंद न ढवळता. मध्यभाग थोडा हलत असताना बाहेर काढा आणि झाकून ठेवा, उरलेलं काम साठलेली उष्णता करते. वाडगा खोल हवा, उतू जातं.

सुवनकर

इथे एकटी राहणारी मुलं मायक्रोवेव्हमध्येच करतात, तेव्हा संकोच नको.

पिंपळाचंपान

रविवारचा अहवाल. शनिवारी रात्री तुकबेगीला धुवणाने उकळून घेतलं, लसणाचा वास गेला (जवळजवळ). आपली पाच अंडी, पेल्यात मोजून तेवढंच पाणी, काठाखाली बोटभर जागा उरली. जवळ्याची पूड एक चमचा, मीठ पाव चमचा, पात. रेवदंडा, भाजताना खाली पार्किंगपर्यंत वास गेला, शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं आज काय बेत.

अंडं ओतल्यावर बराच वेळ काही म्हणता काही होईना. मी चमचा फिरवतेय, लेक घड्याळ बघतेय. आणि मग सुवनकर म्हणाल्या तसंच, एका क्षणी चमचा जड झाला, तळापासून मऊ गोळे वर येऊ लागले. पाऊण झालं की पाव, हे ठरवण्यातच खरी कसोटी आहे, कारण तिथून पुढे सगळं भराभर होतं. आच बारीक, वर चिनीमातीचा वाडगा पालथा. वाफेचा फुसफुस आवाज आला तेव्हा उचलला. काठाच्या वर दोन बोटं! हॉटेलासारखं चार नाही, पण घुमट होता. फोटो खाली देतेय, त्यात तो अर्धा बसलेला दिसेल, कारण मोबाईल हॉलमध्ये होता.

आतून मऊ, ओलसर, कुठेही चिवट नाही. जवळ्यामुळे ते कोरियन कमी आणि अलिबागचं जास्त झालं असावं. नवऱ्याने गरम भातावर घेऊन वर कोलंबीचं लोणचं लावून खाल्लं आणि त्या जोडीला मला काही म्हणायचं नाही. लेकीने मात्र हॉटेलसारखी किमची हवी म्हणून नाक मुरडलं.

तळाला तपकिरी खरपूड धरली होती. ती चूक समजायची का?

सुवनकर

वा! पहिल्या वेळी घुमट आला म्हणजे हात बसला. दोन बोटांची चार करायची असतील तर पुढच्या वेळी पाणी थोडं कमी, अंड्यांच्या पाऊणपट घ्या. फुगेल जास्त, मऊपणा किंचित कमी होईल. हॉटेलवाले हेच करतात. मला स्वतःला तुमचं दोन बोटांचं जास्त आवडतं.

खरपूड सगळ्यांचीच धरते, थेट आचेवर मातीचं भांडं आहे. करपल्याचा कडू वास नसेल तर काही बिघडलेलं नाही. भांडं गार झालं की कोमट पाणी भरून ठेवा, सुटते.

किमचीबद्दल लेकीचं बरोबर आहे. हे अंडं एकट्याने खायचं नसतंच. भाजलेलं मांस, किमचीचा रस्सा, तिखट कोंबडी, यांच्यामध्ये जीभ निववायला ते ठेवतात. म्हणून ते मुद्दाम सौम्य असतं. तिखट तर्रीची मिसळ समोर असती तर त्याचं खरं काम कळलं असतं.

भुर्जीसम्राट

मिसळीसोबत म्हणताय तर विषय वेगळा. तरी भुर्जी ती भुर्जीच.

देशस्थ_अंडाहारी

मी मशरूमचं पाणी घालून केलं, स्टीलच्या पातेल्यात. फुगलं नाही फारसं, चवीला उत्तम. पातेलं पसरट होतं, त्यामुळे असेल का?

मडकेवाली

पसरट भांड्यात वाफ सगळीकडून निसटते आणि अंड्याला आधाराला भिंत नसते. अरुंद आणि उंच भांडं घ्या, दुधाचं छोटं पातेलं चालेल. शिवाय स्टील आच काढली की लगेच निवतं, त्यामुळे झाकल्यावर मिनिटभर जास्त द्या.

अंडाकरीवाला

थोडं अवांतर. त्या सोया सॉसमध्ये मुरवलेल्या अंड्यांचं कोणी सांगेल का? पिवळा बलक पातळ असतो ती.

सुवनकर

अवांतर नाही, पुढची पायरी आहे. उकळत्या पाण्यात अंडी सोडून सहा-साडेसहा मिनिटं (आपली अंडी लहान, म्हणून सात नको), लगेच बर्फाच्या पाण्यात. सोलून सोया सॉस आणि पाणी समसमान, थोडी साखर, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, पात, भाजलेले तीळ यांच्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. गरम भातावर अंडं आणि दोन चमचे तो रस. तीन-चार दिवसांत संपवा. बलक कच्चट राहतो, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांसाठी पूर्ण उकडलेली अंडी घाला. अंडी ताजी आणि न तडकलेली घ्या.

न्यूजर्सीकर

प्रयोगवही, अर्ध्या पॉवरवर केलं. भोकं नाहीत, पाणी नाही. धन्यवाद! आता शनिवारी सहा जण जेवायला आहेत. बारा अंड्यांचं एकदम मोठ्या भांड्यात करू का?

सुवनकर

नका करू. मोठ्या भांड्यात कडा शिजतात तोवर मध्य पातळच राहतो. चार-चार अंड्यांचे तीन वाडगे करा, एकामागून एक, पाहुणे टेबलावर बसल्यानंतर. पहिला वाडगा संपेपर्यंत दुसरा होतो.